फार टणक

म्हातारा त्या छताची गोष्ट पन्नास वर्षं सांगत आला होता. ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते, पण त्याला सांगणार कोण? गोष्ट अशी. दूरच्या एका गावात बारा खोल्यांचं, दोनशे वर्षं जुनं हॉटेल आहे. तिथल्या जेवणाच्या दालनाचं छत चुन्यात घडवलेलं. वेली, पानं, फळं, सगळं हाताचं काम. एका वर्षी वरून पाणी मुरलं आणि छताचा एक कोपरा खाली आला. म्हातारा तेव्हा चोवीस वर्षांचा गवंडी, आणि त्याचे उस्ताद नेमके तापाने अंथरुणात. मग ह्या पठ्ठ्याने एकट्याने आठ दिवसांत तो कोपरा भरून काढला. नवव्या दिवशी उस्ताद काठी टेकत आले, छताखाली बांधलेल्या बांबूच्या परांचीवर चढले, बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "फार टणक झालंय, पोरा." बस्स. खाली उतरले आणि निघून गेले.

"उस्तादांनी उभ्या जन्मात कुणाला चांगलं म्हटलं नव्हतं," इथे म्हातारा सगळ्यांवरून नजर फिरवायचा, "मला म्हटलं!" त्याची बायको होती तोवर हे शेवटचं वाक्य ती त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणायची, आणि हसू दाबताना पोरांची पुरेवाट व्हायची.

त्या पोरांपैकी बापाचं काम उचललं ते लेकीने. शिकवायची बापाची पद्धत म्हणजे ठोकणं. लेकीला नव्हे हो, भिंतीला. तिने घराच्या मागच्या भिंतीवर गिलावा करायचा, तो वाळायचा, मग बाप यायचा आणि पेराने ठोकायचा. टण वाजलं तर काही न बोलता पुढे जायचा. बद्द वाजलं तर म्हणायचा, "बद्द! काढ." बद्द म्हणजे आत पोकळ राहिलं, चुना भिंतीला धरला नाही. अकरा वर्षांची असताना तिने ती एकच भिंत किती वेळा काढली आणि किती वेळा केली, याला गणती नाही. आता ती शेहेचाळीसची झाली, हाताखाली चार माणसं आली, चार गावांत नाव झालं. तरी काम संपलं की स्वतःच ठोकून बघायची, आणि ठोकायच्या आधी पुन्हा अकरा वर्षांची व्हायची ती व्हायचीच.

तर एके दिवशी लेकीच्या नावाने त्या हॉटेलच्या मालकीणबाईंचं पत्र आलं. छताचा तुकडा पडला होता. इंजिनिअरने सगळं छत पाडायला सांगितलं होतं, आणि पाडणारे गुरुवारी सकाळी नऊला यायचे होते. त्याआधी कुणी जाणकाराने बघून 'हे टिकेल' असं लिहून दिलं तरच ते छत वाचणार होतं. म्हाताऱ्याने पत्र ऐकलं आणि लेकीच्या आधी त्याची पिशवी भरून तयार.

"तुम्ही कशाला बाबा? सहा तासांचा प्रवास आहे."

"माझ्या कोपऱ्याला भेटायला. तुझं काय जातंय?"

बुधवारी दुपारी दोघं पोचली. हॉटेल कसलं, रस्त्याच्या वळणावर मांडी ठोकून बसलेलं एक जाडजूड दगडी घर. पूर्वी इथे घोडागाड्या थांबत, म्हणून दार गाडी आत जाईल एवढं रुंद, आणि त्या दारात माणसांसाठी कापलेलं छोटं दार इतकं बुटकं की लेकीने कपाळ आपटून घेतलंच. "सगळे आपटतात," आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "तुम्ही आल्याचं मला तसंच कळतं." साठीच्या, ठेंगण्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. जिन्याच्या पायऱ्या मधोमध एवढ्या झिजलेल्या की पाय आपोआप तिथेच पडत होता. दोनशे वर्षांतल्या सगळ्यांचे पाय तिथेच पडले असणार. लेकीला उगीचच एक पाऊल जपून टाकावंसं वाटलं.

"तुकडा पडला तो एका पाहुण्याच्या सुपात," मालकीणबाई सांगत होत्या. "सुपात पडला म्हणून निभावलं. वीतभर अलीकडे पडता तर मी आज तुमच्याशी बोलत नसते, तुरुंगात असते. तेव्हापासून दालन बंद. दालन बंद म्हणजे जेवण बंद, आणि जेवण नसेल तर ह्या आडगावी मुक्कामाला येतंय कोण? सपाट पत्र्यासारखं छत लावा म्हणतात. लावेन बापडी. पण मग हे हॉटेल कशाचं? माझं नुसतं घर होईल, तेही रिकामं."

त्यांनी दालनाचं दार ढकललं, आणि लेक उंबऱ्यावरच थांबली.

वर बाग होती. दुसरं काय म्हणावं? भिंतीच्या कडेने वेली निघाल्या होत्या, एकीत एक गुंतत मधोमध आल्या होत्या, आणि त्यांतून द्राक्षांचे घोस आणि डाळिंबं अशी लोंबत होती की हात वर करून तोडावीत. एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाची कड किडीने खाल्लेली, तीसुद्धा चुन्यात केलेली. आणि ह्या सगळ्यावर इंजिनिअरने काठीला खडू बांधून जागोजागी फुल्या मारल्या होत्या. फुली नव्हती ती फक्त खिडकीजवळच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्याच्या कडेलाच सुपातल्या तुकड्याचं भगदाड होतं.

म्हाताऱ्याने टोपी काढली. त्याचे हात हल्ली थरथरायचे, म्हणून टोपीही थरथरत होती. "बघ," तो म्हणाला, "फुली नाही. पन्नास वर्षांनी आलेल्या इंजिनिअरलासुद्धा कळलं."

परांची बांधून ठेवलेलीच होती. लेक वर चढली, पाठीवर आडवी झाली आणि पेराने ठोकलं. बद्द. हातभर सरकून पुन्हा ठोकलं. बद्द. ती दोन तास सरकत राहिली, वेलीवरून वेलीवर, आणि प्रत्येक ठिकाणी तेच. इतकं सुंदर काम आणि ठोकलं की बद्द. शेवटी ती बापाच्या कोपऱ्याखाली आली.

टण.

"ऐकलंस?" खालून खुर्चीवरून म्हातारा ओरडला. "अजून तसाच! उस्ताद काय म्हणाले होते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, बाबा," ती म्हणाली. तिला रडू येत होतं. इंजिनिअर खरं बोलत होता. उद्या नऊला हे सगळं ढिगारा होऊन खाली येणार होतं, आणि 'हे टिकेल' असं लिहून द्यायला तिलाच बोलावलं होतं.

त्यांना सात नंबरची खोली दिली होती, बरोबर दालनाच्या वरची. दोन पलंग, इतके उंच की चढायला शेजारी पायऱ्या ठेवलेल्या. जमीन लाकडी फळ्यांची आणि उतरती. गोल वस्तू ठेवली की ती आपली आपण खिडकीकडे निघायची. म्हातारा खालीच बसला होता, कोपऱ्याकडे मान वर करून. लेक त्याच्या संध्याकाळच्या गोळ्या काढून ठेवत होती. त्यातली एक निसटली, घरंगळत खिडकीपाशी गेली आणि दोन फळ्यांच्या फटीत पडली. रक्तदाबाची नेमकी. मोजून आणलेल्या. आली का पंचाईत! ती फळी जरा डुगडुगत होती. लेकीने पिशवीतून थापी काढली, फटीत घातली आणि फळी उचलली. मग बॅटरी लावून आत वाकली.

आणि गोळी विसरली.

तिच्या डोळ्यांसमोर त्या छताची पाठ होती. बोरूच्या काड्यांची अखंड चटई सुतळीने तुळयांना टांगलेली. खालून दाबलेला चुना काड्यांच्या फटींतून वर आला होता आणि वर येऊन वाकला होता, मूठ आवळल्यावर बोटांतून कणीक येते तसा. अशा हजारो मुठी. बॅटरीचा उजेड पोचेल तिथपर्यंत. आणि सुतळीची प्रत्येक गाठ सारखी, एका मापाची, टोक आत खोचलेलं. जिथे कुणी कधी बघणार नाही तिथे टोक आत खोचलेलं! मध्येच एका पट्ट्यात सगळ्या गाठी उलट्या बाजूच्या होत्या. डावखुरा होता कुणीतरी. दोनशे वर्षांपूर्वी इथे एक डावखुरा माणूस बसून गाठी मारत होता, आणि त्यानंतर ते बघणारी ती पहिली.

"आई गं," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून भरलेला ट्रक गेला. घर हललं. तिने घाईने आत हात घालून तळवा चटईवर टेकला. सगळं छत तिच्या हाताखाली थरथरलं, केसभर खाली गेलं, केसभर वर आलं आणि शांत झालं. अंगावर काटा उभा राहिला तिच्या. छत बद्द वाजत होतं, कारण ते टांगलेलं होतं. त्याच्या आणि तुळयांच्या मध्ये जागा ठेवलेली होती, मुद्दाम, हलायला. ती, तिचा बाप, तो इंजिनिअर, सगळे भिंतीचे लोक. भिंतीचा कायदा छताला लावत बसले होते!

मग तिने उजेड खिडकीकडच्या कोपऱ्यात वळवला. तिथे चटई नव्हती. कडेला उरलेल्या काड्या कुजून काळ्या पडल्या होत्या, आणि बाकीच्यांच्या जागी करडा, घट्ट, खिळ्यांनी तुळईला ठोकलेला गोळा होता. सिमेंट. आणखी एक ट्रक गेला. सगळं छत हललं, कोपरा हलला नाही. त्याच्या कडेने मात्र भुरभुर चुना सांडला.

कुठला तुकडा कशामुळे पडला, ते आता सांगायला नको. छताला काहीही झालेलं नव्हतं. फक्त बापाचा कोपरा त्याला धरून फाडत होता.

दारावर टकटक झाली. "जेवायला या!" मालकीणबाई. लेकीने दचकून फळी जागेवर दाबली आणि हात झटकले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिघं जेवायला बसली. सूप, पाव, भाजलेले बटाटे. म्हातारा रंगात आला होता. "उस्ताद वर चढले," तो पावाचा तुकडा हलवत सांगत होता, "दोनदा ठोकलं, आणि म्हणाले..." मालकीणबाई तोंडाचा आ करून ऐकत होत्या, पहिल्यांदाच ऐकत होत्या ना! लेक पावाचा तुकडा नुसता सुपात बुडवत राहिली. खरं सांगितलं तर छत वाचणार आणि बापाची पन्नास वर्षं पडणार. त्याच्याजवळ दुसरं होतं काय? बायको गेली, हात गेले, तो कोपरा तेवढा उरला होता. गप्प राहिलं तर ती वरची बाग उद्या फावड्याने भरून न्यायची, आणि कोपराही जायचा, पण मानाने जायचा. रात्री ती आढ्याकडे बघत पडून राहिली आणि पहाटे कधीतरी तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीत नुकतं उजाडत होतं आणि बापाचा पलंग रिकामा होता.

ती अनवाणी खाली धावली. दालनात, परांचीवर, चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस पाठीवर आडवा होता.

"बाबा! अहो, कसे चढलात? पडला असता म्हणजे?"

"हळू बोल. वर ये."

ती वर गेली आणि त्याच्याशेजारी आडवी झाली. 

"फळी उलटी बसवलीस," तो म्हणाला. "पहाटे पाणी प्यायला उठलो तर पायाखाली कुरकुरली. म्हटलं, माझी लेक फळी उलटी बसवते, म्हणजे असं काय बघितलं हिने?"

"बाबा..."

"बघितलं मीपण."

खिडकीतून उन्हाची पहिली तिरीप आडवी आत आली आणि छतावरून सरकायला लागली. "तिकडे बघ," म्हातारा म्हणाला. "त्या पानाच्या मागे." लेकीने मान वळवली. पानाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला, नखाएवढं पाखरू होतं. चोच, पंख, डोळ्याचं टिंब. ऊन सरकलं तसं पुढच्या पानामागे दुसरं दिसलं, मग तिसरं. प्रत्येक पानामागे एक. खालून जेवणाऱ्यांना ती कधीच दिसली नव्हती आणि दिसणार नव्हती. लेकीचे डोळे भरून आले. केवढी माणसं असतील ती, केवढी!

"आठ दिवस होतो मी इथे," म्हातारा म्हणाला. "एक पाखरू दिसलं नाही मला. माझ्या पानांमागे बघ. आहे काही?"

काही नव्हतं. पानं छान होती, पण मागे सपाट.

त्याने हात उचलला आणि आपल्या कोपऱ्यावर दोनदा ठोकलं. टण, टण. "असंच ठोकलं होतं उस्तादांनी. फार टणक झालंय, पोरा." त्याचा आवाज चिरकला. "ते कौतुक नव्हतं गं. ते मला सांगत होते. फार टणक झालंय. आणि मी गाढव पन्नास वर्षं चारचौघांत ते मिरवत फिरलो!"

"मग त्यांनी 'काढ' का नाही म्हटलं?"

"पंधरा दिवसांत गेले ते. त्यांच्यात जीव नव्हता आणि मला कान नव्हते. सिमेंट नवीन आलं होतं. मला वाटलं, चुना म्हाताऱ्यांचा, आपण जग जिंकलं." तो रडत होता आणि मधूनच हसतही होता. "तुझ्या आईला कळलं असतं तर? हसून हसून लोळली असती."

लेकीने त्याचा हात धरला. "मी लिहून देते की छत चांगलं आहे, फक्त कोपरा नवा करायचा. कोपरा कुणी केला ते सांगायची गरज काय? मालकीणबाईंना मी समजावते."

"पन्नास वर्षं माझ्या तोंडाने सांगितलं," म्हातारा म्हणाला, "आता दुसऱ्याच्या तोंडाने कशाला?"

नऊला इंजिनिअरसाहेब आले, बरोबर चार माणसं आणि हातोडे. दारात कपाळ आपटूनच आत आले, त्यामुळे आधीच चिडलेले. म्हातारा दालनाच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता.

"फक्त तो कोपरा पाडा," तो म्हणाला. "बाकीच्याला हात लावायचा नाही."

"अहो काका, तेवढाच तर पक्का आहे!"

"म्हणूनच. वर चला, दाखवतो."

सात नंबरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून साहेबांनी फटीत डोकं घातलं. लेकीने त्यांचा हात धरून चटईवर टेकवला आणि सगळे ट्रकची वाट बघत थांबले. त्या दिवशी नेमका ट्रक येईना. शेवटी मालकीणबाई खाली धावल्या, रस्त्यात उभ्या राहिल्या आणि वाळूची एक गाडी चक्क हाताने अडवून आणली. घर हललं. साहेबांचं डोकं फटीतून बाहेर आलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "आणखी एकदा," ते म्हणाले. "तिला मागे घ्यायला सांगा, आणखी एकदा."

"तो कोपरा कुणी केला?" नंतर त्यांनी विचारलं.

"मी," म्हातारा म्हणाला. मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, रात्रीची गोष्ट त्यांना आठवली असणार. "मी केला, आणि पहिला घाव मीच घालणार." लेकीने त्याला मागून कमरेला धरलं. हातोडा हलका दिला, तरी हात थरथरत होते. पण घाव जिथे बसायचा तिथेच बसला.

तो कोपरा भरायला लेकीला पाच आठवडे लागले. बोरू भिजवला, सुतळी वळली, गाठी मारल्या आणि टोकं आत खोचली. चुना मुरवला, धरून राहावा म्हणून त्यात बकरीचे केस घातले, बोटांनी काड्यांतून वर दाबला. म्हातारा खाली खुर्चीवर, हात खिशात घालून, "घाई नको, घाई नको," म्हणत बसलेला. जन्मात पहिल्यांदा तो असं म्हणत होता. शेवटची पानं करताना लेकीने प्रत्येक पानामागे नखाएवढं काहीतरी केलं, आणि ते कुणालाच सांगितलं नाही.

वाळलं त्या दिवशी म्हातारा परांचीवर चढला. दोघांनी धरून चढवला. आडवा झाला. लेक शेजारी. शेहेचाळीसची नव्हे, पुन्हा अकरा वर्षांची. त्याने पानांमागे नजर फिरवली, एका पानापाशी बराच वेळ थांबला. मग पेर उचललं आणि ठोकलं. दोनदा.

 खाली मालकीणबाई मान वर करून उभ्या होत्या.

"बद्द," म्हातारा म्हणाला. आणि तिच्या केसांतला चुना झटकत पुन्हा म्हणाला, "बद्द वाजतंय, पोरी."